अंदाज कुणाच्या शरीराचा? बायोइंजिनिअरिंगचा आपल्याजवळचा इतिहास

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरीत आमच्यासारख्या शिक्षकांकडे पालकांची ये-जा सुरू होते. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान शिकवत नाही. पण फॉर्म मराठीत किंवा इंग्रजीत असतो आणि घरात तो वाचणारं कुणी नसतं, म्हणून लोक येतात. प्रश्न ठरलेले असतात. मुलगा असेल तर "सर, इंजिनिअरिंगला जमेल का?" आणि मुलगी असेल तर "सर, डॉक्टर नाही झाली तर निदान फार्मसी तरी?" या दोन प्रश्नांच्या मधोमध एक मोठा विषय आहे, त्याबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं.

आमच्याकडे दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली एक मुलगी सध्या मुंबईत बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचे वडील कुवेतला असतात. गावातले तिचे चाचा एकदा मला म्हणाले, "सर, पोरगी डॉक्टर पण नाही, इंजिनिअर पण नाही. मग ती आहे काय?" चाचांचा प्रश्न चेष्टेचा नव्हता, काळजीचा होता. वर्षाला एवढी फी भरून मुलगी नेमकी कोण होणार, हे कुटुंबाला कळायला हवं. त्यांना चार वाक्यांत उत्तर देता येत नाही, कारण या विषयाचा इतिहासच सरळ नाही. म्हणून हा लेख.

एक शब्द, तीन भाषा

सुरुवात माझ्या विषयापासून करतो, म्हणजे भाषेपासून. अरबीत इंजिनिअरला 'मुहंदिस' म्हणतात आणि भूमिती किंवा इंजिनिअरिंगला 'हंदसा'. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा शब्द मुळात अरबी नाही. तो फारसीतल्या 'अंदाजा' या शब्दाच्या जुन्या रूपावरून आला, आणि त्याचा अर्थ माप. तोच फारसी शब्द दुसऱ्या वाटेने आपल्याकडे आला आणि मराठीत 'अंदाज' झाला. गवंडी जांभ्याचे चिरे किती लागतील याचा अंदाज करतो, तांडेल वाऱ्याचा अंदाज घेतो. शब्दाच्या हिशेबाने पाहिलं तर मुहंदिस म्हणजे अंदाज बांधणारा, माप घेणारा माणूस.

पुलाचा अंदाज चुकला तर पूल पडतो. पण यंत्र माणसाच्या शरीरासाठी असेल तर प्रश्न आणखी एक असतो: अंदाज कुणाच्या शरीराचा बांधला? बूट घालून खुर्चीत बसणाऱ्या माणसाचा, की अनवाणी भातलावणी करणाऱ्या माणसाचा? गोऱ्या कातडीचा की काळ्या? इंग्रजी ऐकणाऱ्या कानाचा की उर्दू-मराठी ऐकणाऱ्या? बायोइंजिनिअरिंगचा इतिहास मला या एका प्रश्नाचा इतिहास वाटतो.

अभिमान आणि त्यापुढे

आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून अल-जझरी आणि अल-जहरावी यांच्यावर मजकूर फिरतो. तो बहुतेक वेळा अर्धवट असतो, पण मुळात खोटा नाही. कुर्तुब्याजवळच्या अल-जहरावीने सुमारे १००० साली 'किताबुल तसरीफ' हा तीस भागांचा वैद्यकग्रंथ लिहिला. त्यात शस्त्रक्रियेच्या जवळपास दोनशे हत्यारांची चित्रं आहेत. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधायचे कसे आणि पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडाचा दात घडवून बसवायचा कसा, हेही त्याने लिहिलं आहे. शरीराचा गेलेला भाग माणसाने घडवून परत बसवायचा, ही कल्पना तिथे स्पष्ट दिसते.

अल-जझरी दियारबकरच्या अर्तुकी दरबारात काम करत होता. १२०६ साली त्याने आपल्या यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात घड्याळं आहेत, पाणी उपसायची यंत्रं आहेत, आणि फस्द घेताना, म्हणजे शिरेतून रक्त काढताना, किती रक्त निघालं हे दाखवणारी भांडीही आहेत. राजाला वजूच्या वेळी नोकराने हातावर पाणी घातलेलं आवडत नसे, म्हणून त्याच्यासाठी आपोआप पाणी देणारं यंत्रही त्याने केलं.

हे वाचून छाती फुगते, आणि फुगायला हरकत नाही. पण या दोघांत एक गोष्ट समान होती, ती आपण फॉरवर्ड करत नाही. दोघेही स्वतःच्या हाताने काम करणारे होते. एकाने जखमा शिवल्या, दुसऱ्याने पितळ घडवलं. आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव सांगायचं आणि आज आपल्या घरातल्या पोराला अकरावीत गणित नको म्हणायचं, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

मुंबईतल्या दोन वेगळ्या वाटा

आता आपल्या भागाकडे येऊ. मुंबई इलाख्यात आधुनिक इंजिनिअरिंगचं शिक्षण सुरू झालं ते इंग्रजीतून नव्हे. १८२३ साली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने मुंबईत इंजिनिअर इन्स्टिट्यूशन चालवायला घेतलं. तिथे गणित आणि मोजणी मराठी आणि गुजरातीतून शिकवली जाई, आणि त्यासाठी गणिताची पुस्तकं मराठीत आणली गेली. १८५४ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, त्याचंच पुढे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं.

वैद्यकाची वाट वेगळी होती. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. १८६० च्या दशकात तिथे मराठी आणि गुजरातीतून शिकवणारे वर्गही निघाले.

म्हणजे दोन्ही विद्या इथे रुजल्या, दोन्ही काही काळ आपल्या भाषेतही बोलल्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकीकडे रस्ते, पूल, मोजणी. दुसरीकडे ताप, जखमा, बाळंतपण. ही फाळणी अजून संपलेली नाही. अकरावीत आपण मुलांना 'मॅथ्स ग्रुप' आणि 'बायो ग्रुप' असं विचारतो, तेव्हा तीच जुनी भिंत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापुढे उभी करतो.

भिंत पाडली युद्धाने आणि आजाराने

ही भिंत जगभर पडली ती विद्यापीठांच्या हुशारीने कमी आणि गरजेने जास्त. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होतं. तिथल्या कांपेन गावात विलेम कॉल्फ नावाच्या डॉक्टरने १९४३ मध्ये पहिलं कृत्रिम मूत्रपिंड चालवलं. सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी त्याने लाकडी पिंपावर गुंडाळली आणि रुग्णाचं रक्त त्यातून फिरवलं. पहिले पंधराएक रुग्ण वाचले नाहीत. १९४५ मध्ये एक बाई वाचली. आज गावोगावी डायलिसिसची सोय होते आहे, तिचा पूर्वज हे लाकडी पिंप.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या मिनियापोलिसची. तिथे ऑपरेशननंतर लहान मुलांच्या हृदयाचे ठोके चालू ठेवणारी यंत्रं भिंतीतल्या विजेवर चालत. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहराची वीज गेली आणि एक बाळ दगावलं. शल्यचिकित्सक डॉ. लिलेहाय यांनी अर्ल बॅकन याला गाठलं. बॅकन गॅरेजमध्ये बसून हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याने चारेक आठवड्यांत ट्रान्झिस्टरवर आणि बॅटरीवर चालणारा, अंगावर वागवता येणारा पेसमेकर बनवला. वीज जाणं म्हणजे काय, हे कोकणात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांनी या कामाला स्वतंत्र विषय मानलं, त्याचे विभाग आणि पदव्या निघाल्या. आधी काम झालं, पदवी नंतर आली.

आपल्याकडेही तसंच झालं. मे १९४४ मध्ये पुण्यात लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर उभं राहिलं. महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना कृत्रिम अवयव देणं हे त्याचं काम. महाराष्ट्रात शरीर आणि यंत्र एका छपराखाली आणणारी ती सुरुवातीची जागा. ते सेंटर आजही चालू आहे आणि नागरिकांनाही उपयोगी पडतं.

हाजीअलीच्या शेजारची इमारत

कोकणातला मुसलमान मुंबईला गेला की कधी ना कधी हाजीअलीला जातोच. भरती-ओहोटी बघून लोक त्या वाटेवरून दर्ग्यात जातात. वर्षानुवर्षं त्या वाटेच्या कडेला हातपाय नसलेली, पोलिओने पाय गेलेली माणसं हात पसरून बसलेली आपण पाहिली आहेत. आपण त्यांच्या हातावर नाणं ठेवतो आणि पुढे जातो.

त्याच हाजीअलीच्या चौकालगत, रस्त्याच्या अलीकडे, एक सरकारी संस्था आहे: ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ती १९५५ मध्ये सुरू झाली. अपंग माणसाला पुन्हा उभं करणं, चालवणं, कामाला लावणं, हा तिचा उद्देश. तिथे कृत्रिम पाय आणि कॅलिपर बनवणारी कार्यशाळा आहे. आणि तिथे पदवीही मिळते, बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स. बारावीनंतरचा हा अभ्यासक्रम. त्यात शरीररचना शिकायची, हाडांवर आणि सांध्यांवर भार कसा येतो ते शिकायचं, प्लास्टर, प्लास्टिक, धातू हाताळायचे आणि समोरच्या माणसाचं माप घेऊन त्याच्यासाठी अवयव घडवायचा. मुहंदिस या शब्दाचा मूळ अर्थ याहून नेमका कुठे सापडणार?

त्या काळी पोलिओची भीती घरोघर होती. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी पाय गेलेली पिढी आपल्यात आहेच, आणि आता मधुमेहाने आणि अपघातांनी पाय जाणाऱ्यांची संख्या काही थोडी नाही. आपण दर्ग्यात दुआ मागायला जातो, ते ठीकच आहे. रस्त्याच्या अलीकडची इमारत आपल्या मुलांनी आतून पाहिली, तर तीही खिदमतच आहे.

नमाजसाठी वाकणारा पाय

सुरुवातीचा प्रश्न, अंदाज कुणाच्या शरीराचा, हा सगळ्यात स्पष्ट दिसतो तो जयपूर फूटच्या गोष्टीत. त्यासाठी थोडं महाराष्ट्राबाहेर जायला हवं.

१९५० च्या दशकात पश्चिमेत जो कृत्रिम पाऊल प्रचारात आला तो बुटात घालायचा होता. खुर्चीवर बसणाऱ्या, सपाट फरशीवर चालणाऱ्या माणसासाठी तो चांगला होता. पण आपल्या माणसाला उकिडवं बसायचं असतं, मांडी घालायची असते, चिखलात उतरायचं असतं. मशिदीत, मंदिरात बूट काढावा लागतो. नमाजमध्ये सजद्याला जाताना आणि बसताना घोटा आणि चवडा वाकावा लागतो. महाग पाय मिळालेली माणसंसुद्धा तो कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घेत.

जयपूरच्या सवाई मानसिंह हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे डॉक्टर होते. तिथेच रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर काम करत, त्यांना सगळे मास्टरजी म्हणत. शाळा फारशी न शिकलेला, पण हातात कसब असलेला माणूस. रबराचा पाऊल घडवायची कल्पना त्यांची. टायर रिट्रेडिंगला वापरतात ते रबर आणि ती पद्धत त्यांनी पावलासाठी वापरली. टाचेला आणि चवड्याला मऊ स्पंज रबर, घोट्याला लाकूड आणि वरून पावलाच्या आकाराच्या साच्यात भाजलेलं टणक रबर. १९६८ च्या सुमारास हा पाय तयार झाला. तो सगळ्या बाजूंनी वाकतो, पाण्यात चालतो, झाडावर चढता येतं आणि बूट लागत नाही. १९७५ मध्ये जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि तिने तो देशभर, पुढे देशाबाहेर पोचवला. सुरुंगांनी पाय गेलेल्या कित्येक अफगाणांनी याच पायावर पुन्हा चालायला सुरुवात केली. १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इथे डॉक्टर एकटा पुरला नाही आणि कारागीरही एकटा पुरला नाही. एकाला शरीर माहीत होतं, दुसऱ्याला रबर आणि लाकूड. आणि दोघांनाही आपली माणसं कशी बसतात, कशी चालतात, कशी इबादत करतात हे माहीत होतं. पाय यशस्वी झाला तो या तिसऱ्या माहितीमुळे. कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरची बुद्धी कमी नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे आपलं शरीर नव्हतं, इतकंच.

केरळातल्या चित्रा झडपेची गोष्टही याच जातीची. संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा खराब होतात, आणि हा आजार गरिबांच्या, दाटीवाटीने राहणाऱ्या घरांतल्या मुलांना होतो. श्रीमंत देशांतून तो ओसरत गेला, आपल्याकडे राहिला. बाहेरून आणलेली झडप सामान्य कुटुंबाला परवडत नव्हती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसवले. आधीचे नमुने चाचण्यांत नापास झाले. शेवटी धातूच्या चौकटीत खास प्लास्टिकची तिरकी उघडणारी चकती बसवलेली झडप टिकली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. त्यानंतर एक लाखाहून जास्त झडपा बसवल्या गेल्या आहेत.

वांद्र्याची संस्था आणि कानाची भाषा

पुन्हा मुंबईत येऊ. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ मध्ये ती कर्णबधिरांसाठी सुरू झाली. नवाब अली यावर जंग १९७० पासून १९७६ मध्ये निधन होईपर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्याआधी ते उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू होते. उस्मानिया १९१८ मध्ये हैदराबादेत सुरू झालं. निजामाच्या त्या राज्यात आपला मराठवाडाही होता. तिथे वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवलं गेलं आणि त्यासाठी दारुल तर्जुमाने शेकडो शास्त्रीय शब्द घडवले.

उर्दू विद्यापीठाच्या कुलगुरूचं नाव कानाच्या आणि वाणीच्या संस्थेला मिळालं, हा योगायोग मला फार आवडतो. कारण श्रवणयंत्र म्हणजे नुसतं आवाज मोठा करणारं यंत्र नव्हे. ते कुठला आवाज उचलणार, कुठला दाबणार हे बसवावं लागतं, आणि मुलाला शब्द ऐकू येतो की नाही हे शब्द बोलूनच तपासावं लागतं. ज्या घरात आई 'पानी' म्हणते आणि शाळा 'पाणी' म्हणते, त्या घरातल्या मुलाला कुठल्या भाषेत तपासणार? तपासणाऱ्याला ती भाषा यायला हवी. त्या संस्थेत ऑडिऑलॉजी आणि स्पीचची पदवी आहे, कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांसाठी खास बीएडही आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही घरासारख्या बोलणाऱ्या आमच्या मुली या कामात किती उपयोगी पडतील, याचा विचार व्हायला हवा.

आज पदवीत काय शिकतात

१९९० च्या दशकापासून मुंबई विद्यापीठाच्या काही कॉलेजांत बायोमेडिकल इंजिनिअरिंगची बीई मिळू लागली. पवईच्या आयआयटीत बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंगचा विभाग आहे, तिथल्या बायोमेडिकलच्या एमटेकला इंजिनिअरांबरोबर डॉक्टरही बसतात. २०१४ मध्ये तिथे राज्य सरकारच्या मदतीने 'बेटिक' नावाचं केंद्र सुरू झालं. डॉक्टरांनी अडचण सांगायची आणि इंजिनिअरांनी तिच्यावर उपकरण बनवायचं, अशी त्याची रीत आहे.

आमची विद्यार्थिनी सुट्टीत आली की मी तिला विचारतो, सध्या काय चाललंय? पहिल्या वर्षी सगळ्यांसारखं गणित आणि भौतिकशास्त्र. मग शरीररचना, सर्किट, सेन्सर, शरीरात टिकणारे धातू आणि प्लास्टिक, क्ष-किरण आणि एमआरआयची यंत्रं. तिने मला ईसीजीचं उदाहरण दिलं. हृदयातून छातीच्या कातडीवर पोचणारा विजेचा इशारा जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो. खोलीतल्या दिव्यांची, पंख्याची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि तिचा गोंगाट या इशाऱ्याला गिळून टाकतो. तो गोंगाट गाळायचा, पण हृदयाची एकही खरी रेघ गाळायची नाही. "सर, पहिल्या दिवशी कागदावर नुसती थरथर आली. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीचं दिल दिसलं," असं ती म्हणाली.

तिला त्रास झाला तो भाषेचा. आमच्या पुस्तकात 'जियाई तालीफ', मराठी माध्यमात 'प्रकाशसंश्लेषण' आणि कॉलेजात 'फोटोसिंथेसिस'. आपल्याकडे 'खलिया', शेजारी 'पेशी', तिथे 'सेल'. पहिलं सेमिस्टर तिने वहीत तीन रकाने करून काढलं. मला ती वही फार मोलाची वाटते. त्या मुलीला विषय तीनदा समजला आहे.

आणि अशा मुली या विषयात का हव्यात, याचा पुरावा कोविडने दिला. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तेव्हा घराघरांत आलं. ते लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून पाठवतं आणि रक्ताने कुठला किती शोषला यावरून ऑक्सिजन सांगतं. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांना १९७० च्या दशकात सुचली. पण २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की ऑक्सिजन खरोखर कमी असताना ऑक्सिमीटर 'ठीक आहे' सांगतं, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडतं. कातडीतला रंगही प्रकाश शोषतो आणि त्याचा हिशेब पुरता धरला गेला नव्हता. यात कुणाचा द्वेष नव्हता. माप घेताना जी बोटं समोर होती, त्यांचाच अंदाज यंत्रात उतरला.

आपली जागा

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा आहे: नामवंत कॉलेजांत पदवी शिकणाऱ्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम, पदव्युत्तरला पन्नासमागे एक. आपण हा आकडा बहुधा नोकऱ्यांच्या संदर्भात वाचतो. मी तो आता मापाच्या संदर्भात वाचतो. जिथे यंत्रं ठरतात त्या टेबलाशी आपण नसू, तर सजद्याला वाकणारा पाय हवा हे तिथे कोण सांगणार? आणि हे फक्त मुसलमानांचं नाही. तिथे आदिवासी नसेल, कोळी नसेल, शेतकऱ्याची मुलगी नसेल, तर त्यांचंही शरीर अंदाजातून सुटतं. मिरकरवाड्याच्या ओल्या, शेवाळलेल्या धक्क्यावर माशाची टोपली उचलणाऱ्या माणसाला कसला पाय लागेल, हे मिरकरवाड्याच्या पोराइतकं कुणाला कळणार?

कामाचीही कमतरता नाही. केंद्र सरकारने २०१५ च्या सुमारास सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांच्या देखभालीची योजना आणली, तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद आढळली होती. यंत्र विकत घेता येतं, पण ते चालू ठेवणारा माणूस तयार करावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी तो माणूस मुंबईहून यायची वाट बघत रुग्ण थांबतात.

म्हणून पालकांना माझं सांगणं इतकंच. मुलाला किंवा मुलीला विज्ञानात रस असेल तर अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. चार विषयांचं ओझं आहे, पण दोन वर्षांचं आहे. बायोमेडिकलच्या बीईला गणित लागतं. हाजीअलीची आणि वांद्र्याची पदवी जीवशास्त्र घेतलेल्यांनाही खुली आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका काढा आणि ओळीओळीने वाचा. इंग्रजीत अडलात तर जवळच्या शाळेत जा, कुणी ना कुणी शिक्षक वाचून देईल. फीची सवलत, अल्पसंख्याक शिष्यवृत्ती, यांच्या तारखा निकालाआधीच लिहून ठेवा. आणि मुलगी आहे म्हणून मुंबईला कशी पाठवू, असं वाटत असेल तर तिथल्या वसतिगृहाची चौकशी आईने स्वतः जाऊन करावी. जाताना हाजीअलीला उतरावं, जियारत करावी आणि रस्त्याच्या अलीकडच्या त्या इमारतीत मुलीला घेऊन दहा मिनिटं उभं राहावं. तिथे कुणाचं तरी माप घेणं चालू असेल.